संगणकाच्या पडद्याची नाडीपरीक्षा

ज्या वस्तूंशीं आपला रोजचा संबंध येतो त्यांच्याविषयींच आपलें अज्ञान बहुधा अधिक असतें. तोटी फिरविली कीं पाणी येतें, बटण दाबलें कीं दिवा लागतो आणि संगणक चालू केला कीं त्याच्या पडद्यावर चित्र उमटतें. हें सर्व इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं, त्यामागील व्यवस्था बंद पडेपर्यंत तिचा विचारहि आपल्या मनाला शिवत नाहीं. आणि ती बंद पडली म्हणजे मात्र आपली त्रेधा उडते. कोणी यंत्रावर थापट्या मारतो, कोणी सगळ्या तारा उपटून पुन्हां खोंचतो, आणि शेवटीं 'हें आतां गेलें, नवें आणा' असा निकाल देऊन सर्व मोकळे होतात. हा निकाल पुष्कळदां चुकीचा असतो, आणि त्याची किंमत कोणाला ना कोणाला तरी द्यावी लागते. असा एक चुकीचा निकाल आमच्या हातून थोडक्यांत टळला. त्या निमित्तानें संगणकाच्या पडद्याची, म्हणजे ज्यास सर्वजण मॉनिटर म्हणतात त्याची, परीक्षा कशी करावी व त्यास जोडण्यासाठीं योग्य केबल कशी निवडावी, याविषयीं चार शब्द विद्यार्थिमित्रांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गतवर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं वरच्या वर्गांतील विद्यार्थी बारवी धरण पाहावयास गेले होते. आम्हीहि त्यांच्यासमवेत होतों. बदलापूरपासून जवळच, बारवी नदीवर, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें बांधलेलें हें धरण १९७२ सालापासून उभें आहे. पुढें त्याची उंची टप्प्याटप्प्यानें वाढविण्यांत आली, आणि त्यासाठीं कित्येक कुटुंबांना आपलीं घरें व शेतें सोडावीं लागलीं. आतां पाण्याची पातळी ७२.६० मीटर झाली म्हणजे धरण भरतें, आणि जास्तीचें पाणी स्वयंचलित दरवाजांतून खालीं जातें. हें पाणी पुढें कोठें जातें, असें एका मुलानें विचारलें. त्यास सांगण्यांत आलें कीं, पाणी नदीवाटे खालीं येतें, जांभूळ येथील केंद्रांत शुद्ध होतें, तेथून मोठ्या नळांनीं अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली इत्यादि ठिकाणच्या टाक्यांकडे जातें, टाकींतून गल्लींतील नळांत आणि तेथून घरच्या तोटींत येतें. 'मग एखादे दिवशीं आमच्या घरीं पाणी आलें नाहीं तर दोष यांपैकीं कोणाचा, हें कसें ओळखावें?' असा त्याचा पुढचा प्रश्न होता. सर्व हंसले, परंतु तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हें आम्हांस पुढच्याच आठवड्यांत कळलें.

सहलीचीं छायाचित्रें पालकसभेच्या दिवशीं दाखवावयाचीं होतीं. सभेच्या दोन दिवस आधीं संगणकाच्या खोलीची झाडलोट झाली, एक संगणक व मोठा मॉनिटर पुसून सभागृहांत नेण्यांत आला, सर्व तारा पुन्हां जोडण्यांत आल्या, आणि बटण दाबून पाहातों तों पडदा काळा! क्षणभर 'नो सिग्नल' अशीं अक्षरें तरंगलीं आणि तींहि मावळलीं. दोन-तीन हुशार विद्यार्थ्यांनीं तासभर खटपट केली. केबल काढली, घातली, या पोर्टांतून त्या पोर्टांत नेली. फळ कांहींच नाहीं. संध्याकाळीं 'मॉनिटर गेला' असें ठरलें. नव्याला कांहीं हजार रुपये पडणार होते, आणि हातांत रक्कम होती ती एकच. गरीब विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठीं वर्षभर थेंबेंथेंबें जमविलेली. ती तूर्त उसनी घ्यावी असें कोणी सुचविलें. सुचविणाऱ्याचा हेतु वाईट नव्हता. पण ती सूचना ऐकून आमच्या जिवाला चटका लागला, आणि 'सकाळपर्यंत थांबावें' एवढीच विनंति आम्हीं केली.

सकाळीं त्या मुलाच्या प्रश्नाची आठवण झाली. घरीं पाणी आलें नाहीं म्हणून शहाणा मनुष्य एकदम धरणावर धांव घेत नाहीं. तो प्रथम आपली तोटी पाहातो, मग गच्चीवरची टाकी पाहातो, मग शेजाऱ्याकडे पाणी आहे काय हें विचारतो. शेजाऱ्याकडे पाणी असेल तर धरण, केंद्र व मोठा नळ हीं तिन्ही एका प्रश्नांत निर्दोष ठरतात. चित्राचाहि मार्ग असाच आहे. संगणकाचा जो भाग चित्र तयार करतो तें त्याचें धरण. ज्या पोर्टांतून चित्र बाहेर पडतें तो धरणाचा दरवाजा. केबल हा नळ. मॉनिटरचा पोर्ट ही घरची जोडणी. आणि कांचेचा पडदा ही तोटी. यांपैकीं कोठेंहि खंड पडला तरी पाहाणाऱ्याला दिसतें तें एकच, काळा पडदा. म्हणून तपासणी डोळ्यांच्या जवळच्या टोंकापासून सुरू करावी, एकेक ठाणें निर्दोष ठरवीत मागें मागें जावें, आणि जें एकदां निर्दोष ठरलें त्याला पुन्हां हात लावूं नये. हाच या लेखाचा सारांश होय; पुढील सर्व विस्तार त्याचाच आहे.

पहिलें ठाणें विजेचें. मॉनिटरच्या कडेवर एक बारीक दिवा असतो. तो मुळींच लागत नसेल तर चित्राचा विचार सोडून विजेचा करावा. भिंतीवरचें बटण, एक्स्टेन्शन बोर्डाचें बटण व मॉनिटरच्या पाठींत शिरणारें तारेचें टोंक हीं क्रमानें पाहावीं. त्याच बोर्डावर टेबलाचा दिवा लावून पाहिला म्हणजे तेथें वीज आहे कीं नाहीं याचा निकाल लागतो. तारेचें टोंक पुष्कळदां बसल्यासारखें दिसतें, पण अर्धवट असतें. तें जोर न करतां, परंतु पुरतें आंत सारावें. कांहीं मॉनिटरांना वीज बाहेरच्या अडॅप्टरमधून मिळते. असा अडॅप्टर बदलण्याची वेळ आली तर त्यावर लिहिलेले व्होल्ट मूळच्या इतकेच, अँपिअर मूळच्या इतके किंवा अधिक, आणि टोंकाची धन व ऋण बाजू मूळचीच असली पाहिजे. टोंक छिद्रांत बसलें एवढ्यावरून अडॅप्टर जुळला असें समजणाऱ्यानें मॉनिटर जाळून घेतल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

दुसरें ठाणें खुद्द पडद्याचें. तें समजण्यासाठीं त्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. पूर्वींच्या पडद्यांत कांचेची एक मोठी नळी असे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनीं १८९७ सालीं ती प्रथम तयार केली, आणि आपल्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकासहि आलेख व अक्षरें दाखविण्यासाठीं त्याच जातीच्या नळीचा पडदा जोडलेला होता. आतांच्या बहुतेक चपट्या पडद्यांत द्रवस्फटिक असतात. फ्रीड्रिख रायनित्सर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास १८८८ सालीं त्यांचा प्रथम शोध लागला. हे स्फटिक स्वतः प्रकाशत नाहींत. त्यांच्या मागें पांढरा दिवा तेवत असतो, आणि त्याच्या प्रकाशाला वाट द्यावयाची किंवा त्यास अडवावयाचें एवढेंच स्फटिकांचें काम. धरणाचे दरवाजे पाणी निर्माण करीत नाहींत, केवळ सोडतात व अडवितात, तसाच हा प्रकार. अर्थात् मागचा दिवा विझला तर चित्र येऊनहि दिसत नाहीं. ही शंका फेडण्याची युक्ति सोपी आहे. खोलींत अंधार करावा आणि बॅटरीचा झोत पडद्यावर तिरपा धरावा. झोतांत अंधुक चित्र दिसलें तर समजावें कीं, चित्र तोटीपर्यंत पोहोंचलें आहे, फक्त मागचा दिवा गेला आहे. तो बदलणें हें कारागिराचें काम.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. 'नो सिग्नल' हीं अक्षरें संगणकानें पाठविलेलीं नसतात. तीं मॉनिटर स्वतःच लिहितो. ज्याला अक्षरें लिहितां येतात त्याचे स्फटिक शाबूत आहेत, मागचा दिवा शाबूत आहे आणि वीजहि पोहोंचत आहे. ज्यास आम्ही मृत्यूचा दाखला समजलों होतों तो वस्तुतः आरोग्याचा दाखला होता! मॉनिटरच्या मेनूचें बटणहि याच कामीं येतें. चित्र येत असून त्यांत उभ्या रेघा, ठिपके किंवा रंगाचा बिघाड दिसत असेल तर तें बटण दाबावें. मेनूची चौकट मॉनिटर आपली आपण काढतो. ती स्वच्छ दिसली तर दोष केबलमध्यें किंवा संगणकांत आहे. तिच्यावरहि त्याच रेघा उमटल्या तर दोष पडद्यांतच आहे, आणि कितीहि केबली बदलल्या तरी तो जाणार नाहीं. एका बटणानें एवढा मोठा निवाडा होत असतां तें दाबल्यावांचून दुकान गांठणें यास काय म्हणावें?

तिसरें ठाणें मॉनिटरच्या दारांचें. एका मॉनिटरला पाठीमागें दोन-तीन पोर्ट असतात, आणि एका वेळीं तो एकाकडेच लक्ष देतो. कोणाकडे, हें मेनूंत 'इनपुट' किंवा 'सोर्स' या नांवाखालीं ठरविलेलें असतें. पुष्कळ मॉनिटर आपणहून चालू दार शोधतात, परंतु सर्वच नव्हे. आमच्या मॉनिटरची गोष्ट अशी निघाली कीं, संगणकाच्या खोलींत तो जुन्या व्हीजीए केबलनें जोडलेला असे. सभागृहांत मात्र एचडीएमआय केबल लावलेली होती. पाहुणा नव्या दारांत उभा आणि यजमान जुन्याच दाराकडे डोळे लावून बसलेला! आम्हीं मेनूंत जाऊन एचडीएमआय निवडलें. तरीहि पडदा काळाच.

तथापि या वेळीं आम्ही खचलों नाहीं. कारण वीज, पडदा व दार हीं तीन ठाणीं आतां निर्दोष ठरलीं होतीं. दोष मागें कोठें तरी होता. ओळखीच्या एका गृहस्थाचा चालू लॅपटॉप त्याच केबलनें जोडून पाहिला, आणि मॉनिटर क्षणांत उजळला. शेजाऱ्याकडे पाणी होतें! म्हणजे केबलहि निर्दोष. उरला तो संगणक.

संगणक चालू आहे किंवा नाहीं हें काळ्या पडद्यावरून कळत नाहीं, परंतु कीबोर्डावरून कळतें. कॅप्स लॉक ही कळ दाबली असतां तिचा बारीक दिवा लागत व विझत असेल तर संगणक जागा आहे. आमचा जागा होता. तेव्हां त्याच्या पाठीमागें पाहिलें. मेजावरच्या संगणकांत चित्राचे पोर्ट दोन ठिकाणीं असूं शकतात. वरच्या बाजूस मदरबोर्डचे, आणि वेगळें ग्राफिक कार्ड बसविलें असल्यास खालच्या बाजूस आडव्या पट्टींत त्याचे. ग्राफिक कार्ड बसविलें कीं चित्र तेथून निघूं लागतें आणि मदरबोर्डचा पोर्ट बहुधा मुका होतो. आमची केबल या मुक्या पोर्टांत होती. ती खालच्या पोर्टांत घातली मात्र, आणि बारवीचें जलाशय पडद्यावर पसरलें!

यांत खरी शिकवण पुढेंच आहे. चौकशी करतां असें कळलें कीं, आदल्या दिवशीं मुलांनीं हा खालचा पोर्टहि एकदां वापरून पाहिला होता. त्यांनीं केलेलें अगदीं बरोबर होतें. परंतु त्या वेळीं मॉनिटर व्हीजीएच्या दाराकडे पाहात असल्यामुळें चित्र दिसलें नाहीं, आणि 'हा पोर्ट नव्हे' असें समजून त्यांनीं केबल पुन्हां मुक्या पोर्टांत नेली. दोष दोन होते, आणि दोन दोष एकत्र असले म्हणजे एक दुरुस्त करूनहि फळ दिसत नाहीं. मग मनुष्य आपली बरोबर केलेली दुरुस्ती स्वतःच मोडतो. वाटेल तेथून सुरुवात करणारा या चक्रांत दिवसभर फिरतो. टोंकापासून एकेक ठाणें पक्कें करीत जाणाऱ्यास मात्र दोन काय, तीन दोषहि अडवूं शकत नाहींत. हाताशीं कागद घेऊन काय पाहिलें व काय आढळलें हें टिपीत गेल्यास अधिकच बरें.

आतां किरकोळ पण नेहमीं आढळणारीं कांहीं लक्षणें सांगतों. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडूनहि चित्र केवळ लॅपटॉपवरच राहात असेल तर विंडोजची कळ दाबून धरून पी दाबावें. चित्र कोठें दाखवावयाचें हें संगणक विचारतो. 'आउट ऑफ रेंज' अशीं अक्षरें आलीं तर मॉनिटरला पेलवणार नाहीं असें चित्र संगणक पाठवीत आहे. संगणक सेफ मोडमध्यें सुरू करून रिझोल्यूशन व रिफ्रेश रेट कमी करावा. अक्षरें अंधुक दिसत असतील तर पडद्याचें मूळ रिझोल्यूशन निवडलें आहे काय तें पाहावें. पडद्यावर बिंदू जितके, चित्रांतहि तितकेच असले म्हणजे अक्षर कोरल्यासारखें दिसतें. चित्र मधूनमधून नाहीसें होत असेल किंवा त्यांत ठिणग्यांसारखे ठिपके चमकत असतील तर केबल सैल, फार लांब किंवा कमी ताकदीची आहे. आणि व्हीजीए केबलमध्यें पांढरा रंग पिवळा दिसूं लागला तर निळ्या रंगाची पिन लागत नाहीं, निळसर हिरवा दिसला तर तांबड्याची, व जांभळट गुलाबी दिसला तर हिरव्याची. ही केबल तिन्ही रंग वेगवेगळ्या पिनांनीं नेते, म्हणून रंगावरूनच दोषाची जागा सांगतां येते.

येथवर दोषपरीक्षा झाली. आतां नळ कोणता घालावा, म्हणजे केबल कोणती निवडावी, हा प्रश्न. त्याचें उत्तर दुकानदाराच्या तोंडून ऐकण्यापूर्वीं थोडें गणित करावें. साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६००. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात, आणि चित्र सेकंदास ६० वेळां नवें काढावें लागतें. गुणाकार केला म्हणजे सेकंदास सुमारें ३ अब्ज बिट होतात. ज्यास फोर-के म्हणतात त्या पडद्यावर ३८४० व २१६० बिंदू असतात. रुंदी दुप्पट, उंची दुप्पट, म्हणून हिशेब चौपट, सेकंदास सुमारें १२ अब्ज बिट. प्रत्यक्षांत याहून कांहीं अधिकच जागा लागते. नळ अरुंद असेल तर टाकी कितीहि भरलेली असो, तोटीला धार बारीकच येणार.

व्हीजीए हा यांतील सर्वांत जुना नळ. तो १९८७ सालीं निघाला. तीन ओळींत १५ पिना, बहुधा निळें टोंक, दोहों बाजूंस स्क्रू, अशी त्याची खूण. त्यांतून चित्र चढउतार पावणाऱ्या विद्युद्दाबाच्या रूपानें जातें, अंकांच्या रूपानें नव्हे. म्हणून लांब किंवा हलक्या केबलमध्यें अक्षरांच्या कडांना सावली दिसूं लागते. आवाज त्यांतून जात नाहीं. जुना प्रोजेक्टर असेल तरच तो वापरावा. डीव्हीआय १९९९ सालीं आला. टोंक बहुधा पांढरें. साध्या जातीचा डीव्हीआय १९२० व १२०० बिंदूंपर्यंत सेकंदास ६० चित्रें नेतो, दुहेरी जातीचा २५६० व १६०० पर्यंत. आतां तो मागें पडला आहे, पण घरीं असल्यास साधारण मॉनिटरला पुरेसा आहे.

एचडीएमआयची पहिली आवृत्ति २००२ सालची. चित्र व आवाज एकाच केबलमधून जात असल्यामुळें दूरचित्रवाणीच्या संचांत तो सर्वत्र झाला. परंतु नांव एक असलें तरी सर्व एचडीएमआय सारखे नव्हेत. २००९ सालच्या १.४ आवृत्तींतून सेकंदास १०.२ अब्ज बिट जातात, आणि त्यांतले चित्राच्या वांट्याला सुमारें ८ अब्जच येतात. म्हणून तींत फोर-के चित्र सेकंदास ३० वेळांच निघतें व माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. २०१३ सालच्या २.० आवृत्तींत हीच मर्यादा १८ अब्ज झाली व फोर-केला ६० वेळांची वाट मिळाली. २०१७ सालच्या २.१ आवृत्तींत ती ४८ अब्ज झाली. मॉनिटर फोर-के असून चित्र अडखळतें, म्हणजे मॉनिटर वाईट असा निकाल देण्यापूर्वीं नळाची रुंदी पाहावी.

डिस्प्लेपोर्ट हा २००६ सालीं मुख्यतः संगणकांसाठींच काढलेला प्रकार आहे. त्याच्या टोंकाचा एक कोपरा छाटलेला असतो, आणि पुष्कळ केबलींना लहानशी खिटी असते; ती दाबल्याखेरीज केबल ओढूं नये, पोर्ट तुटतो. त्याच्या १.२ आवृत्तीपासून फोर-के चित्र सेकंदास ६० वेळां सुखानें जातें, आणि एका पोर्टावरून एकाहून अधिक मॉनिटरहि चालवितां येतात. मेजावरच्या संगणकास व मॉनिटरास दोहोंनाहि डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच निवडावा, असें आमचें मत आहे. यूएसबी टाइप-सी हा २०१४ सालचा, उलटासुलटा कसाहि बसणारा चपटा पोर्ट. त्यांतून चित्र, आवाज व लॅपटॉपला लागणारी वीज हीं तिन्ही एका केबलनें जाऊं शकतात. 'जाऊं शकतात' हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. प्रत्येक टाइप-सी पोर्टांतून चित्र निघतेंच असें नाहीं, आणि मोबाइल चार्ज करण्याच्या केबलीला तें बहुधा नेतां येत नाहीं. लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत त्या पोर्टापुढें डिस्प्लेपोर्टचा उल्लेख आहे काय हें आधीं वाचावें.

दोन टोंकें वेगवेगळीं असलीं म्हणजे लोक जोडटोंक आणतात. त्यांत फसगत पुष्कळ होते. डीव्हीआय व एचडीएमआय हे चित्राच्या बाबतींत भाऊभाऊ आहेत. त्यांना साधें जोडटोंक पुरतें, मात्र आवाज बहुधा जात नाहीं. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयमध्यें जाणारी स्वस्त केबल एकाच दिशेनें चालते. संगणकाला एचडीएमआय व मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच केबल उलटी लावून कांहीं होत नाहीं, त्यास वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएशीं कोणत्याहि नव्या प्रकाराची गांठ घालावयाची तरी कन्व्हर्टर हवाच. कारण एक बाजू अंकांत बोलते, दुसरी दाबांत. म्हणून खरेदीस निघण्यापूर्वीं दोन्ही यंत्रांच्या पाठी पाहाव्या, पोर्टांचीं नांवें टिपून घ्यावीं, आणि लागेल तेवढीच लांबी मागावी. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलनें रंग अधिक खुलतात, हा समज खोटा आहे. अंकांच्या केबलमध्यें चित्र पोहोंचतें किंवा पोहोंचत नाहीं. त्यांत अधिक सुंदर असें कांहीं नसतें.

आपल्या या भागांतील हवेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पावसाळ्याचे चार महिने येथें सर्व वस्तूंना ओल धरते, आणि धातूच्या पिनांवर मळी चढते. महिनोन् महिने बंद ठेवलेला मॉनिटर बिघडतो तो बहुधा यामुळें. पावसाळ्यांत त्यास अधूनमधून चालू ठेवावें. वीज येऊन जाऊन करीत असेल तेव्हां तारा काढून ठेवणें हाच उत्तम उपाय. २६ जुलै २००५ चा महापूर, आणि ज्या दिवशीं बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली तो २७ जुलै २०१९ चा पूर, हे येथील लोकांच्या स्मरणांत आहेत. पुराचें पाणी लागलेलें यंत्र 'चालतें कां पाहूं' म्हणून कधींहि सुरू करूं नये. तें प्रथम कारागिराकडून सुकवून व साफ करून घ्यावें. तसेंच मॉनिटरचें पाठीमागचें झांकण विद्यार्थ्यांनीं केव्हांहि उघडूं नये. जुन्या नळीच्या पडद्यांत वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असे, आणि तो बटण बंद केल्यावरहि टिकून राही. आजच्या चपट्या मॉनिटरच्या विजेच्या भागांतहि कांहीं काळ धक्का देण्याइतका संचय राहातो. आपली परीक्षा झांकणाच्या बाहेरची; आंतली कारागिराची.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जुनें टाकावें, नवें घ्यावें. परंतु टाकलेली वस्तु जाते कोठें? जुन्या नळीच्या कांचेंत शिसें असतें, आणि पूर्वींच्या चपट्या पडद्यांच्या दिव्यांत पारा. भंगारांत तीं फुटलीं म्हणजे हीं विषें मातींत व पाण्यांत मिसळतात. अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून वाहाणारी वालधुनी उल्हासनगरांतून पुढें जातांना कोणत्या दशेस पोहोंचली आहे, हें आपण रोज पाहातों. असा कचरा ठरलेल्या केंद्रांकडेच सोंपवावा म्हणून सरकारनें केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. पण जी वस्तु मुळांत बिघडलेलीच नाहीं ती कचऱ्यांत जाऊं न देणें हा त्याहून पहिला धर्म. आपल्या हवालीं जें केलें आहे त्याचे आपण धनी नसून कारभारी आहों, हें ज्यानें जाणलें तो परीक्षा केल्यावांचून कोणतीहि वस्तु टाकणार नाहीं.

पालकसभा ठरल्या वेळीं पार पडली. पडद्यावर धरणाची भिंत, दरवाजे व मागचें अथांग पाणी दिसलें, तेव्हां तो प्रश्न विचारणारा मुलगा पहिल्या रांगेंत बसला होता. सभा संपल्यावर आम्हीं त्यास जवळ बोलावून सांगितलें कीं, तुझ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडलें. दोष कोणाचा हें पाहावयाचें तर आपल्या तोटीपासून आरंभ करावा. पुस्तकनिधीची रक्कम जशीच्या तशी राहिली, आणि जूनमध्यें तिचीं पुस्तकें आलीं. त्या पुस्तकांच्या आंतल्या पानावर देणगीदारांचीं नांवें आहेत. काळ्या पडद्याचें नांव नाहीं. पण तीं पुस्तकें वांटतांना एका मुलानें मागचा पोर्ट व पुढचा मेनू अशा दोन आकृति फळ्यावर काढून ठेवल्या होत्या, आणि त्या पुसूं नयेत असें आम्हीं सर्वांस बजाविलें.